डिशवॉशरच्या दारातून पाणी येतंय? मग आधी पाणीच नीट बघा

आज बोलायचंय भांडी धुण्याच्या यंत्राबद्दल, म्हणजे डिशवॉशरबद्दल. त्यातही एकाच दुखण्याबद्दल. यंत्र चालू केलं, आत पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि थोड्या वेळाने दाराखालून पाण्याचा ओघळ फरशीवर आला, तर काय करायचं?

काही जणी आत्ताच हसल्या असतील. "बाई, आमच्याकडे कुठला डिशवॉशर! आमचा डिशवॉशर म्हणजे आम्हीच." ते खरंच आहे. पण हे यंत्र हळूहळू आपल्या दारापर्यंत आलंय. खानावळ किंवा डबे चालवणाऱ्या गटांमध्ये त्याचा विचार होतो, काहींनी घेतलंही आहे. शहरात मुलाकडे, लेकीकडे चार दिवस गेलं की ते ओट्याखाली दिसतं. आणि आपल्यातल्या ज्या बायका तालुक्याला किंवा शहरात घरकामाला जातात, त्यांच्या हाती तर ते रोज असतं. यंत्र गळलं की पहिला प्रश्न त्यांनाच येतो, "तू काय केलंस?"

गटाने घेतलेल्या यंत्राची गोष्ट आणखी वेगळी. ते कर्जाच्या पैशातून आलेलं असतं, सगळ्यांच्या सह्यांनी. महिनाभर बरं चालतं आणि मग दारातून पाणी येतं. मेकॅनिक येतो, उभ्या उभ्या बघतो आणि म्हणतो, "दार गेलंय, पूर्ण बदलावं लागेल." रक्कम ऐकून बैठकीत शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतंच, "मी तेव्हाच म्हणत होते, आपल्या हातांना काय धाड भरलीये?" यंत्रावर जुनी चादर पडते आणि पन्नास ताटं पुन्हा मोरीवर येतात. हप्ता मात्र चालूच राहतो.

म्हणून आज सांगायचंय ते एवढंच, की दारातून पाणी येतंय याचा अर्थ दार बिघडलंय असा नव्हे. बहुतेक वेळा दुखणं दुसरीकडेच असतं आणि दार फक्त ते दाखवतं. कुठे दुखतंय हे शोधायला हत्यारं लागत नाहीत. जुनी वर्तमानपत्रं, एक टॉर्च आणि अर्धा तास लक्ष, एवढं पुरतं.

आधी यंत्राच्या आत काय चालतं ते समजून घेऊ, कारण ते कळलं की निम्मा शोध तिथेच संपतो. पुष्कळ जणींना वाटतं की डिशवॉशर टाकीसारखा पाण्याने भरतो आणि भांडी त्यात बुडतात. तसं होत नाही. तळाला परातीसारखा खोलगट भाग असतो, त्यात थोडंसंच पाणी येतं. खालचा पंप तेच पाणी उचलतो आणि फिरत्या पंख्यांतून भांड्यांवर मारतो. शेतातला स्प्रिंकलर आठवा. पाण्याच्या जोराने तो स्वतःच गोल फिरतो, तसेच हे पंखे फिरतात. एक पंखा खालच्या जाळीखाली आणि दुसरा वरच्या जाळीखाली. काही यंत्रांत अगदी वर छताला आणखी एक असतो. पाणी खाली पडतं, गाळणीतून जातं आणि पुन्हा वर उडतं. मळकं झालं की बाहेर जातं आणि नवं येतं. एका पूर्ण धुण्याला साधारण दहा ते पंधरा लिटर पाणी लागतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. तळातल्या पाण्याची पातळी दाराच्या खालच्या कडेपेक्षा कमी असते. घराला उंबरा असतो ना, तसा या यंत्रालाही उंबरा आहे, आणि पाणी उंबऱ्याच्या आत, खालच्या पातळीवर असतं. दाराचं रबर दोन्ही बाजूंना आणि वरून लागलेलं असतं, आणि खालच्या कडेला बहुतेक यंत्रांत वेगळी पट्टी असते. हे रबर उडणारे शिंतोडे आणि वाफ अडवण्यासाठी आहे, साठलेलं पाणी धरून ठेवण्यासाठी नाही. त्यामुळे दारातून पाणी आलं तर प्रश्न असा विचारायचा: पाणी उंबरा ओलांडून आलं कसं? एक तर फेस झाला आणि तो वर चढला. किंवा फवारा नको तिथे, दाराच्या फटीवर बसला. किंवा यंत्रच पुढे झुकलंय. किंवा रबर नीट टेकत नाही. किंवा आत पाणी जास्त झालंय. एवढीच मोठी कारणं.

जाता जाता एक सांगते. हे यंत्र चालतं स्वरूपात आणणारी एक बाईच होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाच्या गावी राहणारी जोसेफिन कोक्रन. १८८३ मध्ये नवरा गेला, मागे कर्ज राहिलं. घरामागच्या शेडमध्ये तिने एका मेकॅनिकला हाताशी धरून तारेच्या जाळीत ताटल्या उभ्या करून त्यांवर पाण्याचा मारा करणारं यंत्र बनवलं. २८ डिसेंबर १८८६ ला तिला त्याचं पेटंट मिळालं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडलं गेलं, आणि तिची गिऱ्हाईकं होती मुख्यतः हॉटेलं आणि उपाहारगृहं. म्हणजे आपल्या खानावळीचीच मोठी भावंडं. तेव्हा यंत्राचं बायकांना काय कळतं असं कोणी म्हटलं, तर हे नाव लक्षात ठेवा.

आता कामाला लागू. पण हात लावण्याआधी दोन गोष्टी, आणि यात सवलत नाही. यंत्रात हीटर असतो, बऱ्याच यंत्रांत दोन हजार वॅटच्या आसपासचा. फरशीवर पाणी आणि जवळ वीज, हे जोडपं जीव घेणारं आहे. म्हणून गळती दिसली की आधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा, तेही कोरड्या हाताने आणि पायात चप्पल घालून. बोर्डापर्यंत पाणी गेलं असेल किंवा बोर्ड ओला असेल, तर त्याला हात लावू नका, घराचा मेन स्विच बंद करा. मग पाण्याची तोटी बंद करा. त्यानंतर फरशी पुसा. यंत्राला सोळा अँपिअरची अर्थिंग असलेली जागा हवी, एक्स्टेंशनच्या वायरवर ते चालवायचं नाही. दुसरी गोष्ट वाफेची. मध्येच दार उघडायचं तर आधी बोटभर उघडा, दोन मिनिटं थांबा, तोंड बाजूला ठेवा, मग पूर्ण उघडा. आतलं पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेलं असू शकतं, आणि त्यातली पावडर हातावरच्या कातडीला बरी नव्हे.

आता निरखायचं. फरशी अगदी कोरडी करा. यंत्रासमोर आणि दोन्ही बाजूंना जुनी वर्तमानपत्रं अंथरा, एक घडी जमेल तितकी खाली सरकवा. कागद कुठे आधी ओला होतो ते आपल्याला सांगेल. पाणी दाराच्या मधोमध खालून येतंय, एकाच कोपऱ्यातून येतंय, बाजूने वरून ओघळतंय, की यंत्राच्या पोटाखालूनच येतंय? शेवटचं असेल तर तो दाराचा प्रश्नच नाही, तो पाइपचा किंवा पंपाचा आहे. कधी येतंय हेही बघा. पाणी भरताना, धुताना, पाणी बाहेर टाकताना, की सगळं संपल्यावर? आणि पाणी कसं आहे? साधं, तेलकट, की फेसाळ? ते वहीत लिहून ठेवा. पुढे मेकॅनिक बोलवावाच लागला, तर ही तीन उत्तरं त्याच्यासमोर ठेवलीत की तो उभ्या उभ्या "दार गेलंय" म्हणणार नाही.

एक गोष्ट गळती समजू नका. धुणं संपल्या संपल्या दार उघडलं की दाराच्या आतल्या बाजूचे थेंब ओघळून खाली पडतात. चमचाभर पाणी फरशीवर येतं. ती वाफ आहे. पंधरा-वीस मिनिटं थांबून उघडलं की तेही पडत नाही.

आता सगळ्यात उपयोगी परीक्षा. यंत्र पूर्ण रिकामं करा, एक चमचाही आत नको. पावडर, गोळी काहीच घालू नका. सगळ्यात लहान प्रोग्रॅम लावा आणि वर्तमानपत्रांकडे बघत बसा. रिकामं चालवून कागद कोरडे राहिले, तर यंत्र ठणठणीत आहे, चूक साबणात किंवा भांडी लावण्यात आहे. रिकामं असतानाही गळलं, तर रबर, उतार, पंखा, कडी, पाण्याची पातळी यांपैकी काहीतरी आहे. एका बादलीच्या आत-बाहेर पाणी खर्च होतं, पण निम्मी शंका एका फटक्यात मिटते.

साबणाकडे आधी जाऊ, कारण आपल्याकडे दारातून पाणी येण्यामागे वारंवार निघतं ते हेच. डिशवॉशरची पावडर किंवा गोळी वेगळी असते. ती फेस करत नाही, तशीच बनवलेली असते. हाताने भांडी घासायचं लिक्विड, वडी, कपड्यांची पावडर, हे सगळं फेस करायलाच बनवलंय. आपल्यालाही फेस दिसल्याशिवाय भांडं निघालं असं वाटत नाही. पण यंत्रात फवाऱ्याचा मारा इतका जोराचा असतो की चमचाभर लिक्विडचासुद्धा डोंगर होतो. दूध उतू जातं तसा तो फेस उंबऱ्यावरून चढतो आणि रबराच्या फटीतून बाहेर येतो. डिशवॉशरची पावडर संपली, दुकान लांब, "आजच्या दिवस हे घालू" असं कोणीतरी करतं. घालणारी एक आणि पुसणारी दुसरी, त्यामुळे कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

फेसाचे छुपे रस्तेही आहेत. काही जणी भांडी आधी लिक्विडने घासतात, नीट न विसळता यंत्रात लावतात. तो साबण आत जातोच. भांडी आधी घासायचीच नसतात, खरकटं काढून टाकलं की झालं. दुसरा रस्ता म्हणजे चमक आणणारं द्रव, ज्याला रिन्स एड म्हणतात. ते दाराच्या आत एका डबीत भरतात. भरताना सांडलं आणि पुसलं नाही, किंवा डबीचं झाकण सैल राहिलं, किंवा त्याचं प्रमाण जास्त लावलं गेलं, तरी फेस होतो. सांडलं की लगेच ओल्या फडक्याने टिपून घ्या.

फेस झालाच तर? यंत्र थांबवा, दार उघडून फेस आपोआप बसू द्या. वरचा फेस वाटीने काढून टाका. मग दोन-तीन तांबे गार पाणी आत ओता आणि यंत्राचं पाणी बाहेर टाकण्याचं बटण वापरा, बऱ्याच यंत्रांत चालू बटण तीन सेकंद दाबून धरलं की ते होतं. तुमच्या पुस्तिकेत बघा. फेस संपेपर्यंत पुन्हा तसंच करा. शेवटी एकदा रिकामं, काही न घालता फिरवा. यंत्राला काही झालेलं नसतं.

साबण बरोबर असेल तर भांडी कशी लावली ते बघा. आपल्या भांड्यांचे आकार या यंत्राच्या मनात नसतात. मोठं पातेलं, परात किंवा कढई पुढच्या बाजूला तिरकी उभी केली, की खालून आलेला फवारा तिच्यावर आपटून थेट दाराच्या फटीवर जातो. रबर कितीही चांगलं असलं तरी समोरून एकसारखा मारा झाला तर पाणी झिरपणारच. पसरट आणि मोठी भांडी मागे किंवा बाजूला लावा, तोंड खाली आणि मधोमध करा, दाराजवळ लहान ताटल्या, वाट्या ठेवा. झाऱ्याचा दांडा बाहेर येऊन दार अडवतोय का ते बघा. दार लागलंय असं वाटतं, पण केसभर फट राहते.

भांडी लावल्यावर दोन्ही पंखे हाताने एकदा गोल फिरवून बघायची सवय लावा. एखादा चमचा जाळीतून खाली उतरला असेल, तर पंखा तिथेच अडतो आणि पाण्याचा मारा एकाच जागी होत राहतो. ती जागा दाराकडची असली की झालीच गळती. पंखा काढून उजेडात धरा. बहुतेक ठिकाणी तो वर ओढून किंवा मळसूत्र फिरवून निघतो. त्याची भोकं बंद झालेली असतील, तर दात कोरायच्या काडीने मोकळी करा, तार किंवा सुई नको, भोक मोठं होतं. बोअरच्या पाण्याने पांढरा थर बसतो तो याच भोकांत. आणि पंख्याच्या दोन पात्यांच्या जोडाला तडा गेलाय का ते खास बघा. तडा असेल तर पाणी तिथून आडवं उडतं आणि दाराच्या खालच्या कडेवर जातं. तडा गेलेला पंखा चिकटवून चालत नाही, गरम पाण्यात तो जोड सुटतो. नवा घ्यावा लागतो, पण तो पंखा आहे, दार नव्हे. पैशात फार फरक पडतो.

आता दाराची खालची कड. मला विचाराल तर यंत्रातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. फवारा सगळीकडे पोचतो, पण दाराचा खालचा काठ आणि त्याच्यासमोरचा उंबरा यांच्यावर तो पोचत नाही. यंत्र स्वतःला धुतं असं आपण धरून चालतो आणि तिथे तेल, हळद, भाताची शितं, जिऱ्याचे दाणे साठत जातात. काही महिन्यांत त्याचा चिकट थर होतो. वाळलेलं एक शित जरी रबर आणि काठ यांच्यामध्ये बसलं, तरी तेवढ्या जागी दार टेकत नाही. दार पूर्ण उघडा, खाली बसा, टॉर्च धरा आणि दाराच्या खाली, कडेच्या आत बघा. जे दिसेल ते बघून किळस येईल, पण आनंदही होईल, कारण कारण सापडलं.

कोमट पाण्यात फडकं भिजवून सगळा काठ पुसा. रबराच्या घडीत जुना मऊ टूथब्रश हलक्या हाताने फिरवा, विशेषतः खालच्या दोन कोपऱ्यांत. तिथे रबराचं टोक आणि खालची पट्टी एकमेकींना भेटतात आणि गळतीही तिथूनच जास्त होते. पुसून झालं की बोट फिरवत फिरवत सगळं रबर तपासा. कुठे चीर, कुठे चपटं, कुठे कडक झालेलं लागतंय का? खाचेतून बाहेर आलं असेल तर अंगठ्याने दाबून परत बसवा. नंतर कागदाची पट्टी रबराजवळ ठेवून दार लावा आणि ओढा. थोडी अडखळत निघाली तर रबर टेकतंय. सळकन निघून आली तर तिथे फट आहे. अशी चारी बाजूंनी पट्टी फिरवा, एका जागी सळकन आणि बाकी ठिकाणी अडखळत, म्हणजे दोषी जागा सापडली.

रबर खरंच गेलं असेल तर यंत्राच्या मॉडेलचा नंबर घेऊन तेच रबर मागवा. हा नंबर बहुतेक दाराच्या काठावरच्या चिकटपट्टीवर असतो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बाजूचं आणि वरचं रबर बहुतेक यंत्रांत स्क्रूने नाही, खाचेत दाबून बसवलेलं असतं. जुनं ओढून काढायचं, खाच पुसायची, नवं रबर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून मऊ करायचं, आणि वरच्या बाजूच्या मध्यापासून सुरू करून दोन्हीकडे दाबत खाली यायचं. ताणायचं नाही, ताणलं तर शेवटी टोक आखूड पडतं. खालची पट्टी मात्र काही यंत्रांत दार खोलल्याशिवाय निघत नाही, ती मेकॅनिककडून करून घ्या.

आणि कृपा करून जुगाड करू नका. सायकलची ट्यूब कापून लावणं, एम-सील भरणं, रबराला खोबरेल चोपडणं, हे सगळं लोक करतात. तेलाने रबर फुगतं आणि मऊ होऊन लवकर जातं. एम-सीलने दार टेकेनासं होतं आणि मग खरोखर दार बदलायची वेळ येते.

उतार बघणं सोपं, पण सुचत नाही. आपल्या मागच्या पडवीतली, न्हाणीजवळची शहाबादी फरशी मोरीकडे उतरती केलेली असते, पाणी वाहून जावं म्हणून. यंत्र भिंतीला पाठ लावून उभं आणि तोंड मोरीकडे, म्हणजे यंत्र पुढे झुकलं. मग तळातलं पाणी उंबऱ्याशी येऊन उभं राहतं आणि थोड्या हिंदकळण्यानेही बाहेर पडतं. यंत्राच्या माथ्यावर सपाट बुडाची थाळी ठेवा, तिच्यात थोडं पाणी ओता. पाणी पुढच्या बाजूला जमलं तर यंत्र झुकलंय. गवंड्याकडची पाणसळ मिळाली तर उत्तमच. यंत्राच्या पुढच्या पायांना आटे असतात, बटण बंद करून, यंत्र थोडं उचलून धरायला एकीला सांगून पान्ह्याने पाय फिरवा, पातळी येईपर्यंत. विटेचा तुकडा, पुठ्ठ्याची घडी खाली सारू नका, ओलीने पुठ्ठा बसतो आणि यंत्र डगमगतं. भांड्यांनी भरलेलं यंत्र हलवायचं नाही, हेही लक्षात ठेवा.

कडी आणि बिजागरी यांचं थोडक्यात. दार लावताना खट आवाज यायला हवा. लावल्यावरही दार हाताने आत दाबलं जात असेल, तर कडी सैल आहे. काही यंत्रांत समोरच्या आकड्याचे स्क्रू सैल करून तो थोडा आत सरकवता येतो. दार अर्धवट उघडून सोडलं आणि ते धाडकन खाली पडलं, तर बिजागरीची दोरी किंवा स्प्रिंग गेली आहे. याला कारण बहुतेक वेळा उघड्या दारावर ठेवलेलं भरलेलं पातेलं, नाहीतर त्यावर बसलेलं नातवंड. उघडं दार म्हणजे पाट नव्हे. बिजागरी वाकली की दार वाकडं बसतं आणि एकाच कोपऱ्यातून पाणी येतं.

राहिलं आत पाणी जास्त होणं. धुणं संपल्यावर तळाशी गढूळ पाणी तसंच राहिलं असेल, तर गाळणी तुंबलीये किंवा मागचा पाइप दुमडलाय. गाळणीच्या खाली अगदी थोडं स्वच्छ पाणी राहणं मात्र नेहमीचंच. गाळणी रोज नाही तरी दिवसाआड काढून नळाखाली धुवा, खानावळीत तर रोजच. काही यंत्रांत तळाच्या कोपऱ्यात भोवऱ्यासारखी प्लॅस्टिकची टोपी असते. पाणी वर आलं की ती उचलली जाते आणि पाणी थांबतं. तिच्याखाली शित अडकलं की ती काम करत नाही, वर-खाली हलवून बघा. आणि शेवटची परीक्षा: धुणं झाल्यावर बोर्डाचं बटण बंद, पण तोटी चालू ठेवा. दोन तासांनी दार उघडा. वीज बंद असूनही तळात पाणी वाढलं असेल, तर पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बंद होत नाही. तोटी बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. रात्री झोपताना तोटी बंद करण्याची सवय तशीही चांगली.

आता आपण कुठे थांबायचं ते सांगते. पाणी यंत्राच्या पोटाखालून येत असेल, दाराच्या दोन पत्र्यांच्या मधून येत असेल, म्हणजे पावडरीच्या डबीचं रबर गेलेलं असण्याची शक्यता, यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल किंवा बोर्डाचा एमसीबी पडत असेल, तर आपलं काम बटण आणि तोटी बंद करण्याचं. पुष्कळ यंत्रांच्या तळात एक ट्रे असतो. त्यात पाणी साठलं की यंत्र स्वतःहून थांबतं आणि नुसतं पाणी उपसत बसतं. बॉश आणि सीमेन्सच्या यंत्रांवर तेव्हा ई१५ असं दिसतं. यंत्र तिरकं करून ते पाणी काढलं की यंत्र पुन्हा चालतं, पण गळती तिथेच राहते आणि ती विजेच्या भागांजवळ असते. म्हणून तसं करून चालवू नका.

मेकॅनिक आला की गटातल्या दोघी तरी समोर उभ्या राहा. वही दाखवा. गळती कुठून आहे ते चालवून दाखवायला सांगा. वॉरंटी चालू असेल तर आपण एकही स्क्रू खोलायचा नाही, आणि बिल, वॉरंटी कार्ड गटाच्या कपाटात हवं, कोणाच्या घरी नको. बदललेला जुना भाग परत मागा आणि बिलावर भागाचं नाव लिहून घ्या. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे तक्रार नोंदवता येते.

एक प्रश्न नेहमी येतो, तो घेऊन थांबते. "ताई, सिंधी मीठ किंवा स्वयंपाकाचं मीठ त्यात घातलं तर चालेल का?" नाही. यंत्राच्या तळाला मिठाची वेगळी टाकी असते, ती पाण्याचा जडपणा कमी करते. तिच्यात डिशवॉशरचं जाड मीठच लागतं. स्वयंपाकाच्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून दुसरे पदार्थ घातलेले असतात, त्यांनी टाकी बिघडते. मीठ भरताना आजूबाजूला सांडलं तर लगेच एक रिकामं धुणं चालवा, नाहीतर स्टीलला गंज धरतो. बोअरचं पाणी असेल तर हे मीठ संपू देऊ नका. पांढरा थर पंख्याच्या भोकांत बसतो, रबरावर बसतो, आणि रबर कडक झालं की पुन्हा दारातून पाणी येतं. आणि दुरुस्ती कोणतीही केलीत, तरी पुढची तीन धुणी वर्तमानपत्रं अंथरूनच करा. तिन्ही वेळा कागद कोरडे निघाले की मगच ती उचला.